सातव्या पोर्टवरचं उत्तर

अमृतकरांच्या घराचं दार वाजवून बाहेरून नुसतं ‘मी’ म्हटलं, तर ते उघडत नसे. आतून उज्ज्वलाबाईंचा दुसरा प्रश्न यायचा, “मी म्हणजे कोण?” मग बाहेर शेजारीण असो, शाळेतून आलेली पोरं असोत की घामाघूम झालेला नवरा असो, नाव सांगावंच लागे. केतकी लहानपणी या प्रकाराने वैतागायची.

“आई, माझा आवाज ओळखू येत नाही का तुला?”

“येतो ना,” कडी काढता काढता आई म्हणायची. “पण नुसत्या आवाजावर मी तापाची गोळीसुद्धा देत नाही कुणाला.”

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं औषधांचं दुकान होतं. कुणी काउंटरवर येऊन ‘पाटलांचं नेहमीचं द्या’ म्हटलं की उज्ज्वलाबाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, “कुठले पाटील? पूर्ण नाव सांगा. या गावात डोळे मिटून दगड भिरकावला तरी पाटलालाच लागेल.” नाव, वडलांचं नाव, डॉक्टरांचं नाव, आणि मगच त्यांचा हात कपाटाकडे जायचा. शेवटच्या काही वर्षांत दुकानात औषधं काढून देणारं यंत्र आलं. तेही आधी ओळख विचारायचं. तेव्हा त्या खुशीत म्हणाल्या होत्या, “चला, माझ्या वळणाचं कुणीतरी आलं घरात.”

आता त्या दुकानामागच्या त्याच घरात, पुढच्या खोलीत खिडकीशी लावलेल्या पलंगावर पडून होत्या. मेंदूच्या बुडाशी रक्तस्राव झाला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. डोळे कधी उघडे असत, कधी मिटलेले, पण कुणाकडे म्हणून बघत नसत. श्वासाची आज्ञा मेंदूतून निघणं बंद झालं होतं. ती आज्ञा आता खांद्याजवळ कातडीखाली बसवलेल्या, काडेपेटीएवढ्या डबीतून निघायची. त्या डबीला सेतू म्हणत.

केतकी नोकरी करत होती ती सेतू बनवणाऱ्या कंपनीतच. आई पडल्यापासून ती पुण्याहून इथे येऊन राहिली होती आणि पलंगाशेजारच्या टेबलावरूनच काम करायची.

सेतूत एक छोटा संगणक होता, आणि प्रत्येक संगणकात असतो तसा त्याच्या मुळाशी एक कर्नल होता, म्हणजे बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांच्या खालचा, यंत्राचा कारभार पाहणारा प्रोग्राम. सेतूतून निघालेल्या बारीक तारा शरीरात निरनिराळ्या ठिकाणी गेल्या होत्या. एक छातीच्या पडद्याला हलवणाऱ्या नसेशी, एक गिळण्याच्या स्नायूंशी, एक मूत्राशयाशी. प्रत्येक तारेच्या टोकाला एक उपकरण होतं आणि डबीकडच्या टोकाला एक पोर्ट, म्हणजे जोडणीची जागा.

कर्नलचं पहिलं काम दार राखायचं. मोकळ्या प्रत्येक पोर्टवर तो दर सेकंदाला विजेचा एक हलका ठोका देतो. पलीकडे कुणी असेल तर ठरलेल्या अवधीत उलट ठोका येतो. मग कर्नल ओळख विचारतो, आणि उपकरण आपल्या निर्मात्याचा क्रमांक आणि आपल्या जातीचा क्रमांक सांगतं. ते क्रमांक घेऊन कर्नल आपल्याकडच्या ड्रायव्हरांना एकेक करून विचारतो. ड्रायव्हर म्हणजे त्या त्या उपकरणाची भाषा जाणणारा आणि त्याच्याकडून काम करून घेणारा प्रोग्राम. ‘हा तुझा का?’ ज्या ड्रायव्हरच्या यादीत ते क्रमांक असतील तो पुढे होतो, उपकरणाला चाचपून बघतो आणि म्हणतो, ‘हो, माझा.’ तेव्हा कर्नल उपकरणाची नोंद करतो, त्याला नाव देतो, वीज देतो. त्यानंतर दुसरा कुठलाही ड्रायव्हर त्याला हात लावू शकत नाही. मात्र तार जरा जरी सुटली, तरी कर्नल नाव खोडतो, आणि तार पुन्हा जुळली की सगळी विचारपूस पहिल्यापासून सुरू करतो. झालं गेलं त्याच्या लक्षात राहत नाही.

सातवं पोर्ट मोकळं होतं. पुढेमागे बोलण्यासाठी काही बसवता येईल, म्हणून सर्जननी तिथून एक तार मेंदूत, भाषेच्या भागापर्यंत नेऊन ठेवली होती. ते उपकरण बसवायची वेळ आलीच नाही. तारेचं टोक उघडंच मेंदूत राहिलं, आणि कर्नल वर्षभर त्या रिकाम्या दारावर दर सेकंदाला विचारत राहिला, कोणी आहे का.

एका सकाळी केतकी चहा घेत, सेतूच्या नोंदी दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्याकडे बघत असताना त्यावर ओळ उमटली : पोर्ट सात, नवीन उपकरण. ओळख रिकामी. ड्रायव्हर नाही. नोंद केली नाही.

तिचा चहा गार झाला.

* * *

“ओलावा असेल,” तौसिफ फोनवर म्हणाला. पुण्याच्या ऑफिसात तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. “जोडणीत पाणी शिरलं की ठोक्याचा पडसाद उमटतो. कर्नलला वाटतं कुणी बोललं. हे मी तुला सांगायचं का?”

“पडसाद लगेच येतो. हे अडखळत येतंय. कधी लवकर, कधी उशिरा.”

“पाणीपण अडखळतं.”

“मी जवळ बसून बोलले की लवकर येतं, तौसिफ.”

त्याने पलीकडे खुर्ची सरकवली. मग म्हणाला, “तू जवळ बसलीस की तुझा मोबाइलपण जवळ येतो. हे बघ, लॅबमध्ये एक सुटा सेतू पडलाय. ये, सलाइनमध्ये भिजवलेला कापूस सातव्या पोर्टला लाव, आणि बघ काय येतं. त्यानेही उत्तर दिलं तर पाणी. नाही दिलं तर... तर मग मी स्वतः धुळ्याला येतो, काकूंना भेटायला.”

“येते,” केतकी म्हणाली.

ती गेली नाही. आईला सोडून कसं जाणार, असं तिने त्याला सांगितलं आणि स्वतःलाही. आईचं सगळं करायला ठेवलेल्या विमलबाई दिवसभर असायच्या, एक दिवस त्या सहज निभावून नेऊ शकल्या असत्या, हे तिला माहीत होतं.

एका जागी वर्षभर टोचत राहिलं तर मेंदूतल्या पेशी गप्प बसत नाहीत, हे तिने कामापुरतं वाचलं होतं. ठोका आला की आपणही ठोका द्यायचा, एवढं त्या शिकू शकतात. बाकी सगळे रस्ते बंद झालेल्या माणसाला एकच दार सापडलं, आणि त्या दारावर रोज कुणी हाक देतंय हे कळलं, तर? उत्तर देता येईल, नाव सांगता येणार नाही. नावासाठी लागणारे क्रमांक कारखान्यात भरतात.

* * *

केतकीचा मोठा भाऊ हर्षल बडोद्याहून आला तो डॉक्टर निकुंभांना घेऊनच. डॉक्टर या गल्लीत तीस वर्षं दवाखाना चालवत होते. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन माणसं उज्ज्वलाबाईंच्या काउंटरवर यायची, आणि अक्षर लागलं नाही की उज्ज्वलाबाई रस्ता ओलांडून त्यांनाच जाब विचारायला जायच्या.

“सेतूची बॅटरी संपत आलीय,” डॉक्टर म्हणाले. “बदलायची तर परत शस्त्रक्रिया, परत भूल. मोठ्या हॉस्पिटलच्या मंडळाचं म्हणणं आहे की वर्षभरात काहीच खूण दिसलेली नाही, तर घरच्यांनी विचार करावा. अमृतकर आता नाहीत, तेव्हा दोन्ही मुलांची संमती लागेल.” ते पलंगाकडे बघत राहिले. “वहिनींनी माझ्या एकाही पेशंटला कधी चुकीचं औषध दिलं नाही. आता माझ्या हातून त्यांना काही चुकीचं दिलं जायला नको. एवढंच.”

“माझी संमती आहे,” हर्षल म्हणाला. हे वाक्य तो गाडीत घोकत आला असावा. “केतू, ती आत नाहीये गं.”

“तुला काय माहीत?”

“तुला तरी काय माहीत?”

तिने त्याला पडद्यासमोर बसवलं आणि सातव्या पोर्टच्या ओळी दाखवल्या. खाली खाली एकसारख्या उमटत गेलेल्या ओळी. “इथे कुणीतरी उत्तर देतंय, दादा.”

“काय उत्तर?”

“की मी आहे.”

“आणि नाव?”

“नावाची जागा रिकामी आहे.”

हर्षल हसला. त्याचे डोळे मात्र भरून आले होते. “मग तर आईने स्वतःसुद्धा दार उघडलं नसतं.”

विमलबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्याही हसल्या.

शेवटी डॉक्टर उठले. “बॅटरी अजून काही आठवडे जाईल. पुढच्या तपासणीपर्यंत मी थांबतो. नुसतं कुणीतरी आहे म्हणून मंडळ ऐकणार नाही, केतकी. काहीतरी दाखवता येईल असं आणा. मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन.”

जाताना हर्षलने आईच्या पायांना हात लावला. तळवे गार लागले म्हणून चादर ओढून घेतली, नीट खोचली.

* * *

दाखवता येईल असं काही हवं, तर नोंद व्हायला हवी होती. ज्याची नोंद नाही त्याचं कर्नल काहीच साठवत नाही. आला, ओळख पटली नाही, गेला. नोंद झाली की मात्र उपकरणाला एक मुभा मिळते : विचारलं नाही तरी बोलायची.

केतकीने एक छोटा ड्रायव्हर लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘कान’. तो कुठलीही आज्ञा द्यायचा नाही. नुसता ऐकायचा. प्रत्येक उत्तराला टेबलावरच्या स्पीकरमधून टिक असा हलका आवाज करायचा, एवढंच त्याचं काम.

यादीत तिने ओळखीचा क्रमांक म्हणून शून्य लिहिलं. कानाची नोंद झाली आणि दोन टिका वाजून सुटलीसुद्धा. पलीकडून येणारी ओळख प्रत्येक वेळी रिकामीच येत नव्हती. कधी शून्य, कधी नुसताच कचरा, कुठल्याच कारखान्याने न भरलेले आकडे. दर वेळी यादीशी जुळणी फसत होती आणि कर्नल शांतपणे नाव खोडत होता. दोन दिवस ती आकड्यांच्या मागे धावली. तिसऱ्या दिवशी तिने यादी पुसली आणि तिथे एकच शब्द लिहिला : कोणीही.

हे करायचं नसतं. ड्रायव्हर लिहायला शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतात की ‘कोणीही’ हे फक्त लॅबच्या टेबलावर, माणसाच्या शरीरात कधीही नाही. केतकी स्वतःच नव्या मुलांना ते सांगायची. शिवाय सेतूचा कर्नल सगळ्यात नव्या ड्रायव्हरला सगळ्यात आधी विचारतो. नवा आला म्हणजे तो जुन्याची सुधारलेली आवृत्तीच असणार, असं धरून तो बनवलेला आहे. तेव्हा ‘कोणीही’च्या शेजारी ‘पण फक्त सातव्या पोर्टवर’ अशी ओळ घालणं भाग होतं. ती घालायची हे केतकीला माहीत होतं. आधी जुळतंय का बघू, मग घालू, असा तिने विचार केला. जी उपकरणं आधीच नोंदलेली आहेत त्यांना कान हात लावू शकत नव्हता. श्वासाचं उपकरण आपल्या जुन्या, पक्क्या ड्रायव्हरकडे होतं.

या वेळी कानाची नोंद टिकली.

टिक.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टिक.

“आई,” केतकी म्हणाली.

टिक. टिक.

विमलबाई ओला टॉवेल हातात घेऊन तशाच थबकल्या. “व माय,” त्या हळूच म्हणाल्या. “ऐकताहेत का हो, ताई?”

“माहीत नाही.”

“मग विचारा ना काहीतरी. दुकानाचं विचारा. दुकानाचं म्हटलं की उज्जूताई झोपेतून उठायच्या.”

केतकीने दुकानाचं सांगितलं. कुलकर्ण्यांच्या पोराला आता काउंटर सांभाळायला दिलंय, तो नावं विचारायला लाजतो. टिका झाल्या, थांबल्या, पुन्हा झाल्या. होकार कुठला, नकार कुठला, काही कळत नव्हतं. पण वर्षभर त्या खोलीत फक्त तिचाच आवाज होता, आणि आता बोलून झाल्यावर गप्प राहून वाट बघावी असं कुणीतरी होतं.

राहिलेली ओळ त्या दिवशी घालता आली असती. पण त्यासाठी कान एकदा काढून पुन्हा बसवावा लागला असता. म्हणजे सातव्या पोर्टचं नाव खोडलं गेलं असतं, विचारपूस पहिल्यापासून सुरू झाली असती. आणि मग उत्तर आलंच नाही तर? तिचा हात कीबोर्डवर गेला आणि मागे आला. उद्या, असं ती मनात म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली.

* * *

अंग पुसायची वेळ दुपारची होती, खिडकीतून ऊन आत यायचं तेव्हाची. विमलबाईंनी उज्ज्वलाबाईंच्या बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा काढला, हात कोपरापर्यंत पुसला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. केतकी पलंगाकडे पाठ करून टेबलाशी कानाच्या टिकांचा आलेख बघत होती.

“चला, आता या कुशीवर वळू हां, उज्जूताई. जरा जड झालात बरं का. नळीतली पेज मानवली.”

त्यांना कुशीवर वळवताना कधीकधी श्वासाच्या तारेची जोडणी क्षणभर सुटायची. हे नेहमीचंच होतं. एखादा श्वास चुके, तार परत जुळे, कर्नल नाव विचारे, जुना ड्रायव्हर हात वर करे आणि छाती पुन्हा हलू लागे. जुळणी लवकर झाली तर अलार्म वाजू नये, असं ठरवून दिलेलं होतं, नाहीतर त्याने ऊठसूट घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या दुपारीही तार सुटली आणि जुळली. कर्नलने विचारलं, कोण? श्वासाच्या उपकरणाने आपला क्रमांक अगदी बरोबर सांगितला. कर्नलने सगळ्यात नव्या ड्रायव्हरला विचारलं, हा तुझा का? कानाने यादी बघितली. यादीत होतं, कोणीही. माझा, कान म्हणाला. नोंद झाली. अलार्म वाजायचं कारण उरलं नाही. जुन्या ड्रायव्हरला कुणी विचारलंच नाही, आणि कान आज्ञा देत नव्हता, तो फक्त ऐकत होता. आज्ञेवाचून श्वासाचं उपकरण गप्प बसतं.

पडद्याच्या कोपऱ्यात तशी ओळ उमटली होती. केतकीची नजर आलेखावर होती.

विमलबाईंनी पाठ पुसली, पाठीशी उशी लावली, आणि “टॉवेल पिळून आलेच, मग चिमटा लावते,” म्हणत घमेलं घेऊन मागच्या मोरीकडे गेल्या.

टिक. टिक. टिक.

केतकी ताठ बसली. इतक्या जवळ जवळ टिका कधीच आल्या नव्हत्या. ती काही बोललीही नव्हती, तरी त्या येत होत्या. एकामागून एक, मग जोडीने, मग मोजता येणार नाहीत इतक्या. आलेख पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला. तिने फोन उचलला आणि हर्षलला व्हिडिओ कॉल लावला.

“दादा! दादा, ऐक. ऐकू येतंय?” तिने फोन स्पीकरजवळ धरला. “ती बोलतेय. मी काही विचारलं नाही, दादा, ती आपणहून बोलतेय!”

“थांब जरा, मी ऑफिसात... काय आहे हे? पाऊस पडतोय का?”

“आई आहे! तू म्हणत होतास ना आत कुणी नाही?” ती हसत होती, रडत होती. पडद्यावरचा आलेख त्याला दाखवत होती. “बघ! बघ किती घाई झालीय तिला.”

“आईला दाखव,” हर्षल म्हणाला. त्याचाही आवाज बदलला होता. “केतू, हे जाऊ दे, आईला दाखव मला.”

तिने फोन पलंगाकडे वळवला. ती स्वतः अजून पडद्याकडेच बघत होती.

“केतू,” हर्षल म्हणाला. आणि मग ओरडला, “केतू, ओठ बघ तिचे! ओठ बघ!”

ती वळली. आईचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. चादरीखाली काहीच हलत नव्हतं.

पुढचं तिच्या हातांनी केलं. विमलबाईंना मारलेली हाक, तोंडावर दाबलेला, श्वास भरायच्या फुग्याचा मुखवटा, दुसऱ्या हाताने कीबोर्डवरून कान उपटून काढणं. कान निघताच कर्नलने लगेच श्वासाचं उपकरण जुन्या ड्रायव्हरला दाखवलं, त्याने ओळखलं, आणि उज्ज्वलाबाईंची छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. अगदी नियमित, नेहमीसारखी. विमलबाई देवाचं नाव घेत हुंदके देऊ लागल्या, “आलं, आलं, श्वास आला!” केतकीने मनगट धरलं. मग गळ्यापाशी बोटं ठेवली. मग आपला कान तिच्या छातीला लावला.

सेतू श्वास देत होता. हृदय थांबलं होतं.

डॉक्टर निकुंभ रस्ता ओलांडून धावत आले तेव्हाही छाती तशीच हलत होती. त्यांनी तपासलं, डोळ्यांत उजेड पाडला, आणि पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, “ते बंद करायला लागेल, केतकी. मला येत नाही.”

तिनेच बंद केलं.

पडद्यावर शेवटची ओळ कधीची येऊन थांबली होती : पोर्ट सात, उपकरण काढलं गेलं. नाव मोकळं केलं.

* * *

सेतू अंगात ठेवून चितेवर ठेवता येत नाही, आगीत बॅटरीचा स्फोट होतो. निकुंभांनी नेण्याआधी तो स्वतःच्या हाताने काढला, तारा कापल्या, आणि जखम शिवली. जळणाऱ्या देहाला टाके घालायची गरज नव्हती, तरी घातले. सेतू त्यांनी धुऊन, कापडात गुंडाळून केतकीला दिला.

तिने त्याच रात्री हर्षलला सगळं सांगितलं. ‘कोणीही’ हा शब्द, न घातलेली ओळ, ती का घातली नाही तेही. कंपनीलाही जसंच्या तसं कळवलं. हर्षल बडोद्याहून आलेल्या कपड्यांतच भिंतीला टेकून बसला होता. त्याने ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “ती तशीही तिथे नव्हतीच, केतू. आपण तिला वर्षभर अडकवून ठेवलं होतं. तुझ्या हातून सुटली, असं समज. मी तसंच समजणार आहे.”

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती जड होता, आणि कशावर टेकलेला होता, हे तिला कळत होतं. ती तिथे नव्हती, या एका वाक्यावर.

दिवसकार्य झाल्यावर कंपनीचं पत्र आलं, सेतू तपासणीसाठी पाठवा म्हणून. पाठवण्याआधी, सकाळी हर्षल आंघोळीला गेला असताना, केतकीने तो टेबलावर ठेवला आणि पडद्याला जोडला. बॅटरीत जीव होता. कर्नल जागा झाला, एकेका पोर्टवर विचारू लागला. कोणी आहे का? कुठूनच काही आलं नाही.

दुकानातून तिने सलाइनची बाटली आणि कापूस आणला होता. तौसिफने सांगितलेलं अर्ध्या दिवसाचं काम. कापूस भिजवताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला काय हवंय ते बदललंय. ते सगळे दिवस सातव्या पोर्टवर आई असावी म्हणून ती धडपडत होती. आता ते पाणी असावं, नुसतं खारं पाणी, जोडणीत शिरलेलं. कुणी तिला घाईघाईने, पुन्हा पुन्हा, श्वास थांबलाय म्हणून हाका मारलेल्या नसाव्यात, आणि त्या हाका ऐकत ती फोन धरून आनंदाने हसत बसलेली नसावी.

तिने ओला कापूस सातव्या पोर्टला लावला.

कर्नलने ठोका दिला. तिने वाट पाहिली. पोर्ट सात, उत्तर नाही.

तिने कापूस बदलला. जास्त भिजवला. जोडणीच्या खाचेत थेंब सोडले, तारेचं कापलेलं टोक बुडवलं. मोबाइल जवळ आणला, लांब नेला. बोट ओलं करून बोट लावलं. उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही.

आंघोळ करून हर्षल दारात उभा राहिला होता. खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी गळतंय. टेबलावरचा कापूस, बाटली, डबी, सगळं त्याने पाहिलं. परीक्षा कसली आहे ते त्याला नीटसं माहीत नव्हतं.

“काय आलं?” त्याने विचारलं.

“उत्तर नाही.”

“म्हणजे...” तो थांबला. त्याच्या आवाजात जे होतं ते तिच्या लहानपणापासून ओळखीचं होतं. निकालाच्या दिवशी तो असाच विचारायचा. “म्हणजे आई नव्हती ना तिथे?”

केतकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे पाय ओले होते आणि फरशीवर त्यांचे ठसे उमटले होते, अगदी दारापर्यंत.

“नव्हती, दादा,” ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले, मान हलवली, आणि पाठीमागे वळून स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायला गेला. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

टेबलावर सेतूचा बारीक हिरवा दिवा दर सेकंदाला लुकलुकत होता. कर्नल अजून विचारत होता. केतकीने ओला कापूस पिळून बाजूला ठेवला, आणि डबी बंद करण्याआधी बराच वेळ ती तशीच बसून राहिली.